चॅटबॉटला खरंच कळतं का? आधी घोडा, मधमाशी आणि माणूस बघूया

तुमचा प्रश्न असा की तुम्ही चॅटबॉटला एक गोष्ट सांगितली. सुमन टेबलाच्या खणात किल्ली ठेवून बाहेर जाते, ती नसताना तिचा भाऊ किल्ली उचलून कपाटात ठेवतो, आता सुमन परत आल्यावर किल्ली आधी कुठे शोधेल? चॅटबॉट म्हणाला खणात, आणि कारणही व्यवस्थित दिलं. मग एवढं जमत असताना त्याला समजत नाही असं लोक का म्हणतात, आणि तेच लोक मधमाशीला मन असू शकतं म्हणतात ते कशाच्या जोरावर?

प्रश्न अगदी रास्त आहे. मी २०-२२ वर्षं प्राण्यांच्या शिकण्यावर आणि स्मरणशक्तीवर प्रयोग केलेत आणि गेली काही वर्षं भाषा मॉडेल्सच्या, म्हणजे चॅटबॉटच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या, चाचण्या बनवायचं काम करतोय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगता येईल. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, "समजतं की नाही" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही, कारण बाहेरून दिसणारं वागणं आणि आत चाललेलं काम यांची गाठ आपल्याला वाटते तितकी घट्ट नसते, आणि हे फक्त मशीनच्या बाबतीत नाही तर प्राण्यांच्या आणि खुद्द आपल्या बाबतीतही खरं आहे.

सुरुवात हान्स नावाच्या घोड्यापासून करावीच लागते. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, तारखा असं सगळं खूर आपटून सांगायचा. मालक फसवत नव्हता, तो प्रामाणिकपणे घोड्याला शिकवत होता, आणि मालक तिथे नसला तरी घोडा बरोबर उत्तर द्यायचा. तज्ज्ञांची समिती बसली, त्यांनाही काही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने साधं काम केलं, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. घोड्याचं गणित तिथेच संपलं. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तरीही संपलं. घोडा माणसाच्या डोक्याची, अंगाची अगदी बारीक हालचाल बघत होता, बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं अंग नकळत सैल पडायचं आणि घोडा थांबायचा.

ही गोष्ट बरेच जण इथपर्यंत सांगतात आणि "बघा, घोडा मूर्खच होता" म्हणून सोडून देतात. मला यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. फुंग्स्टला सगळी भानगड कळल्यावरही स्वतःची ती हालचाल थांबवता येईना, तो उभा राहिला की घोडा बरोबर उत्तर देणारच. मग त्याने प्रयोगशाळेत घोड्याची जागा स्वतः घेतली, समोरच्या माणसाने मनात आकडा धरायचा आणि हा हाताने ठोके देणार, आणि बहुतेक लोकांच्या हालचालीवरून त्याला कुठे थांबायचं ते कळायला लागलं. म्हणजे घोड्याला गणित येत नव्हतं पण माणूस वाचता येत होता, आणि तोही माणसाला स्वतःलाही माहीत नसलेल्या पातळीवर. घोड्याकडे बुद्धी होती, फक्त आपण ती भलत्या ठिकाणी शोधत होतो.

हे माझ्याही बाबतीत घडलंय. टचस्क्रीनवर दोन चित्रं दाखवायची आणि प्राण्याने ठरावीक प्रकारचं चित्र निवडायचं असा एक प्रयोग आम्ही कित्येक महिने चालवला, प्राणी झकास शिकले, आम्ही खूश. मग एकदा सगळ्या चित्रांच्या फाईल्स एकाच आकाराच्या केल्या तर निकाल एकदम कोसळले. झालं असं होतं की बरोबर चित्रांच्या फाईल्स थोड्या जड होत्या त्यामुळे ती स्क्रीनवर पापणी लवण्याइतक्या उशिरा उमटायची, आम्हाला ते दिसतही नव्हतं पण प्राण्यांना दिसत होतं, ते "उशिरा येतं ते निवड" हे शिकले होते. सगळा डेटा टाकून द्यावा लागला. त्या दिवसापासून कुठलाही चांगला निकाल दिसला की मी पहिल्यांदा विचारतो, हेच काम दुसऱ्या कुठल्या स्वस्त मार्गाने होऊ शकतं का?

मशीनमध्ये हे रोजचं आहे. २०१८ मध्ये छातीचे एक्स-रे बघून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेल्सचा एक अभ्यास आला, त्यात दिसलं की मॉडेल फोटो कुठल्या हॉस्पिटलचा आहे हेही ओळखत होतं. ज्या हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाचे पेशंट जास्त तिथल्या फोटोला न्यूमोनिया म्हणणं हा त्याला सोपा मार्ग होता, आणि त्यामुळे बाहेरच्या वेगळ्या हॉस्पिटलच्या फोटोंवर त्याची कामगिरी बऱ्याचदा घसरायची. आमच्या टचस्क्रीनचीच ही गोष्ट, फक्त इथे पेशंटचा जीव पणाला लागलेला.

आता तुमच्या सुमनकडे येतो. ही चाचणी मुळात लहान मुलांची आहे, १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर यांनी केलेली आणि १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या सॅली आणि ॲन या बाहुल्यांमुळे प्रसिद्ध झालेली. साधारण तीन वर्षांचं मूल म्हणतं सुमन कपाटात बघेल, कारण किल्ली खरंच तिथे आहे. चार-पाच वर्षांचं झालं की त्याला कळतं की सुमनच्या डोक्यातलं जग वेगळं आहे. २०२३ मध्ये मायकेल कोसिन्स्की यांनी दाखवलं की मोठी भाषा मॉडेल्स अशा गोष्टींची उत्तरं बरोबर देतात, आणि लगेच टोमर उलमन यांनी त्याच गोष्टींमध्ये क्षुल्लक बदल करून बघितले. मूळ गोष्टीत एक पिशवी असते, आत पॉपकॉर्न, वर लेबल चॉकलेटचं, मुलगी लेबल वाचते, तिला काय वाटेल? उलमन यांनी पिशवी पारदर्शक केली. आता आतलं डोळ्यांना दिसतंय, तरी त्या वेळचं मॉडेल म्हणालं तिला चॉकलेटच वाटेल. दुसरीकडे मुलीला वाचताच येत नाही असं लिहिलं, तरी तेच. म्हणजे त्या मॉडेलला गोष्टीचा साचा ओळखता येत होता, मुलीला काय दिसतंय याचा हिशेब ते ठेवत नव्हतं.

पण इथेच थांबून "बघा, पोपटपंची आहे" म्हणणंही घाईचं होईल. नंतरची मॉडेल्स यातले बरेच बदल पचवतात. ती खरोखर सुधारली म्हणून पचवतात, की उलमन यांचा पेपरच त्यांच्या ट्रेनिंगच्या मजकुरात, म्हणजे ज्यावरून ती शिकतात त्यात, गेला म्हणून, हे बाहेरून सांगणं कठीण. आमच्या प्राण्यांनी आमचे पेपर कधी वाचले नाहीत, मशीनने वाचलेले असू शकतात, आणि दोन्हीकडे काम केलेल्या माणसाला हा फरक फार जाणवतो. म्हणून मशीनसाठी चाचणी एकदा छापली की ती अर्धी संपलीच असं मी धरतो.

आतापर्यंतची चूक म्हणजे आत नसलेलं आहे असं वाटणं, आता उलटी चूक. आत काहीतरी आहे पण आपल्याला दिसत नाही, ही चूक पहिलीपेक्षा जास्त महागात पडते असं माझं ठाम मत आहे, कारण पहिल्या चुकीत आपली फजिती होते आणि दुसरीत ज्याला मन आहे त्याला आपण दगडासारखं वागवतो.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन यांच्या टीमने २३ वर्षांच्या एका तरुणीचा अभ्यास छापला. अपघातानंतर ती व्हेजिटेटिव्ह अवस्थेत होती, म्हणजे डोळे उघडतात पण शुद्धीची खूण नाही, कुठल्याच सूचनेला प्रतिसाद नाही. तिला एमआरआय मशीनमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेय अशी कल्पना कर, नंतर घरातल्या खोल्यांमधून फिरतेय अशी कल्पना कर. टेनिसच्या वेळी तिच्या मेंदूत हालचालींचं नियोजन करणारा भाग उजळला, घराच्या वेळी जागा आणि दिशा सांभाळणारा, आणि हे निरोगी माणसांसारखंच दिसत होतं. बाहेरून शून्य आणि आत सूचना ऐकून पाळणारं माणूस. २०२४ मध्ये याच धर्तीवर मोठा अभ्यास आला, अनेक देशांतल्या केंद्रांचा. सूचना दिल्यावर बाहेरून काहीच प्रतिसाद न देणारे २४१ पेशंट होते, त्यातल्या ६० जणांच्या मेंदूत सूचना पाळल्याची खूण सापडली, म्हणजे चारात एक. आणि त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कमी सांगितला जातो, जे ११२ पेशंट डोळ्यांदेखत सूचना पाळत होते त्यांच्यापैकी फक्त ४३ जणांमध्ये स्कॅनला किंवा ईईजीला (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी तपासणी) ती खूण दिसली. म्हणजे उरलेले लोक शुद्धीत असून आपलं यंत्र त्यांना पकडू शकलं नाही. चाचणी नापास झाली म्हणजे आत काही नाही असा अर्थ लावायच्या आधी हे ४३ आणि ११२ आठवावेत.

प्राण्यांच्या बाबतीत आपण हीच चूक वर्षानुवर्षं केली. १९७० मध्ये गॅलप यांनी आरशाची चाचणी आणली, अंगावर खूण करायची आणि आरशात बघून प्राणी स्वतःच्या अंगावर हात नेतो का ते बघायचं. चिंपांझी पास, कुत्री नापास. पण कुत्र्याचं जग वासाचं, त्याला आरशातला बिनवासाचा कुत्रा कशाला महत्त्वाचा वाटेल? मग २०१९ मध्ये मासानोरी कोहदा यांच्या टीमने सांगितलं की क्लीनर रास नावाचा छोटा मासा ही चाचणी पास होतो, गळ्याला खूण केली तर आरशात बघून दगडावर गळा घासतो. यावर जोरदार वाद झाला, खुद्द गॅलप यांनी ते मान्य केलं नाही. मला त्या वादातून हे कळलं की अनपेक्षित प्राणी पास झाला की आपण चाचणीवर शंका घेतो आणि आपल्या आवडीचा पास झाला की प्राण्याचं कौतुक करतो. पास-नापासच्या या खेळातून फारसं हाताला लागत नाही.

तुलना सारखी नसली की काय होतं याचं अजून एक उदाहरण, जपानमधला आयुमू नावाचा चिंपांझी. स्क्रीनवर विखुरलेले आकडे सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ चमकले तरी तो त्यांच्या जागा चढत्या क्रमाने दाखवायचा, २००७ मध्ये हे छापून आलं आणि माणसं त्याच्यापुढे हरली. चिंपांझीची स्मरणशक्ती माणसापेक्षा भारी अशा बातम्या आल्या. नंतर कुणीतरी विचार केला की आयुमूने किती सराव केला होता आणि त्या माणसांनी किती, मग माणसांनाही भरपूर सराव दिला आणि ती त्याच्या बरोबरीला आली. आज मॉडेल आणि माणसांची तुलना करणारे बरेच तक्ते बघताना मला आयुमू आठवतो, मॉडेलला दहा उदाहरणं देऊन विचारलेलं असतं आणि माणसांना काहीच न दाखवता, किंवा याच्या उलट.

चांगला प्रयोग कसा असतो ते बघायचं तर निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांचा १९९८ चा. स्क्रब जे नावाचा पक्षी अन्न लपवून ठेवतो. त्यांना अळ्या आवडतात, शेंगदाणे त्यामानाने कमी. अळ्या लपवून ४ तास झाले असतील तर ते अळ्यांकडे जातात, पण १२४ तास झाले असतील तर अळ्या सडलेल्या असणार म्हणून शेंगदाण्यांकडे. काय लपवलं, कुठे लपवलं आणि कधी लपवलं, तिन्ही एकत्र लक्षात ठेवल्याशिवाय हे जमत नाही, आणि वासावरून शोधत असतील ही शंका फेडायला परत शोधायच्या वेळी खरं अन्न काढून घेतलेलं होतं. या प्रयोगाची मांडणी मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवतो. त्या दोघांनीही याला "प्रसंगस्मृतीसारखी" स्मृती म्हटलं, पक्ष्याला तो क्षण मनात पुन्हा जगता येतो असा दावा केला नाही. जेवढं दाखवलं तेवढंच म्हटलं.

मधमाशीचं तुम्ही विचारलंत. लार्स चिटका यांच्या लंडनमधल्या प्रयोगशाळेत भुंग्यांवर, म्हणजे बंबलबीवर, बरंच काम झालंय. २०१७ मध्ये त्यांनी भुंग्यांना एक छोटा चेंडू ढकलत मधल्या गोलात आणायला शिकवलं, आणला की साखरपाणी. चेंडू ढकलणं हे काही भुंग्याच्या नेहमीच्या आयुष्यातलं काम नाही. दुसऱ्या भुंग्याला करताना बघितलेले भुंगे सगळ्यात छान शिकले, लोहचुंबकाने आपोआप सरकणारा चेंडू बघितलेले त्याहून कमी, काहीच न बघितलेले सगळ्यात कमी. पण खरी मजा पुढे आहे. करून दाखवणारा भुंगा तीन चेंडूंपैकी सगळ्यात लांबचा चेंडू आणायचा, कारण जवळचे दोन चिकटवलेले होते. बघणाऱ्या भुंग्याची पाळी आली, त्याचे तिन्ही चेंडू सुटे होते, तर त्याने बहुतेक वेळा जवळचाच उचलला, आणि चेंडूचा रंग बदलला तरी त्याला फरक पडला नाही. नक्कलच करायची असती तर लांबचा आणला असता. काम कशासाठी आहे हे त्याने काहीतरी पकडलं होतं. एका मधमाशीच्या मेंदूत साधारण १० लाख न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, आपल्याकडे सुमारे ८,६०० कोटी, त्यामुळे मेंदूचा आकार बघून कुणाला काय जमेल हे सांगायची सवय मी सोडून दिली.

आणि २०२२ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की काहीही बक्षीस नसताना भुंगे लाकडी चेंडू लोळवतात, अन्नाकडे जायला मोकळा रस्ता असताना मुद्दाम वाकडी वाट करून, एकाने तर ११७ वेळा. हा खेळ आहे का? खेळाची जी लक्षणं इतर प्राण्यांसाठी लावतात ती इथे लागू पडतात. भुंग्याला त्यात मजा वाटते का, हे मात्र त्या प्रयोगातून निघत नाही.

आता ज्या भागासाठी मी हे लिहायला बसलो तो. तुम्ही लिहिलंत की चॅटबॉटने "कारणही व्यवस्थित दिलं", आणि ते तुम्हाला सगळ्यात मोठा पुरावा वाटला. माझ्या दृष्टीने तो सगळ्यात कच्चा पुरावा आहे, आणि हे मी मशीनवरून नाही, माणसावरून शिकलो.

मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा काही पेशंटमध्ये फिट्स थांबवण्यासाठी कापला जायचा. रॉजर स्पेरी यांना या विषयातल्या कामासाठी १९८१ चं नोबेल मिळालं, आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी जोसेफ लडू यांच्याबरोबर पुढे असा प्रयोग केला. पेशंटच्या डाव्या अर्धगोलाला, जो बोलतो, कोंबडीचा पंजा दाखवला, आणि उजव्याला, जो बोलत नाही, बर्फाने भरलेलं दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने, जो डावा अर्धगोल चालवतो, कोंबडी दाखवली, डाव्या हाताने, जो उजवा चालवतो, फावडं. बर्फ उपसायला फावडं, बरोबर आहे. पण विचारलं फावडं का, तर बोलणाऱ्या अर्धगोलाला बर्फाची काहीच कल्पना नाही. तो "माहीत नाही" म्हणाला का? अजिबात नाही, लगेच म्हणाला, पंजा कोंबडीचा आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं. खोटं बोलत नव्हता, त्याला ते खरंच वाटत होतं. आत एक दुभाषा बसलेला आहे, काय झालं ते बघून तो कारण शिवून देतो.

हे फक्त ऑपरेशन झालेल्या मेंदूत होतं असं वाटत असेल तर पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांचा २००५ चा प्रयोग बघा. धडधाकट लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, जास्त आकर्षक कोणता ते निवडायला सांगायचं, मग हातचलाखीने न निवडलेला फोटो त्यांच्या हातात द्यायचा आणि विचारायचं हा का निवडलात. बहुतेकांना अदलाबदल कळलीच नाही, आणि त्यांनी न निवडलेल्या चेहऱ्याची कारणं बिनधास्त सांगितली, एकाने तर कानातली आवडली म्हणून सांगितलं, आणि त्याने मुळात निवडलेल्या फोटोत कानातली नव्हतीच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो. स्वतःच्या कितीतरी निर्णयांची कारणं मी असंच मागाहून शिवली असतील.

आता मशीन. २०२५ च्या मार्चमध्ये अँथ्रॉपिक कंपनीच्या रिसर्च टीमने त्यांच्याच एका मॉडेलच्या आत काय चालतं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ अधिक ५९ विचारलं तर आत दोन वाटा एकाच वेळी चालताना दिसल्या, एक वाट उत्तर साधारण केवढं येईल याचा अंदाज बांधते, दुसरी फक्त शेवटचा अंक नेमका काढते, ६ आणि ९ म्हणजे शेवटी ५, आणि दोन्ही जुळून ९५. नंतर मॉडेलला विचारलं तू हे कसं केलंस, तर ते म्हणालं ६ आणि ९ पंधरा, हातचा एक, ३ आणि ५ आठ आणि एक नऊ. शाळेत शिकवतात ते. आत जे घडलं त्याचा या सांगण्याशी संबंध नाही, बेरीज करायची एक पद्धत त्याने ट्रेनिंगमध्ये स्वतः बनवली आणि बेरीज समजावून सांगायची पद्धत माणसांच्या लिखाणातून घेतली.

खुराड्याच्या फावड्याशी याचं साम्य बघून मी थक्क झालो. अर्थात सावधपणे घ्यायला हवं, हा कंपनीने स्वतःच्याच मॉडेलवर केलेला अभ्यास आहे, मूळ मॉडेलच्या जागी सोपी प्रतिकृती ठेवून केलेला आहे, आणि त्यांनीच लिहिलंय की ही पद्धत त्यांनी तपासलेल्या साधारण एक चतुर्थांश उदाहरणांतच समाधानकारक चित्र देते. पण त्यात अजून एक सापडलं जे "पुढचा शब्द ओळखतं एवढंच" म्हणणाऱ्यांनी बघायला हवं, यमक जुळवायला सांगितलं तर मॉडेल ओळ सुरू करायच्या आधीच शेवटचा यमकाचा शब्द आत तयार ठेवतं आणि त्या दिशेने ओळ बांधतं. शास्त्रज्ञांनी तो आतला शब्द दाबून टाकला तर ओळ दुसऱ्याच शब्दाकडे वळली. ही आतली ढवळाढवळ महत्त्वाची, कारण नुसतं बघून "इथे यमक आहे" म्हणणं आणि तिथे हात घालून वागणं बदलून दाखवणं यात फार फरक आहे. आम्हाला प्राण्यांमध्ये हे करायला वर्षं लागतात.

म्हणजे एकाच मॉडेलमध्ये आपल्याला वाटलं त्यापेक्षा जास्त नियोजन आहे आणि त्याच मॉडेलचं स्वतःबद्दलचं बोलणं भरवशाचं नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं, माणसात आहेच की.

आपण बोलण्याला इतकं महत्त्व का देतो? कारण आपल्या अनुभवात छान बोलणारा सहसा विचारही करत असतो. पण मेंदूत या दोन गोष्टी बऱ्याच वेगळ्या आहेत. २०२४ मध्ये इव्हलिना फेडोरेन्को आणि सहकाऱ्यांनी याचे पुरावे एकत्र मांडले, भाषेचं जाळं, म्हणजे मेंदूतले भाषा सांभाळणारे भाग, जवळजवळ नष्ट झालेले पेशंट, ज्यांना एक वाक्य समजत नाही की बोलता येत नाही, ते गणित सोडवू शकतात, बुद्धिबळ खेळू शकतात, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधू शकतात. आणि निरोगी माणूस कोडं सोडवत असताना भाषेचं जाळं बऱ्यापैकी शांत असतं. म्हणजे माणसात विचार शिल्लक राहून भाषा जाऊ शकते. मग भाषा असून विचार कमी असं एखादं यंत्र असणं अशक्य का मानायचं? अशक्य नाही एवढंच यातून निघतं, चॅटबॉट तसंच आहे हे नाही.

आतलं सगळं उघडं असलं की प्रश्न सुटेल असंही नाही. एका छोट्या जंताच्या ३०२ न्यूरॉनची जोडणी १९८६ पासून माहीत आहे, २०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला, १,३९,२५५ न्यूरॉन आणि सुमारे ५ कोटी जोडण्या, आणि तरी जंत एखाद्या क्षणी उजवीकडेच का वळतो हे नकाशा बघून सांगता येत नाही. मॉडेलच्या आतला तर प्रत्येक आकडा आपल्या हातात आहे, तेही तसंच.

जाणिवेबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत पण प्रश्नाच्या पोटात ते आहेच. इथे मी समजण्याचा आणि जाणवण्याचा प्रश्न वेगळा ठेवतो. २०२५ मध्ये जाणिवेच्या दोन मोठ्या सिद्धांतांच्या बाजूचे लोक एकत्र येऊन त्यांनी आधीच ठरवलेली भाकितं २५६ लोकांवर तपासली, आणि दोन्ही सिद्धांतांच्या काही महत्त्वाच्या भाकितांना धक्का बसला. माणसाच्याच बाबतीत ही स्थिती असेल तर मशीनबद्दल छातीठोक कुणी बोललं की मी ऐकून घेतो, मान हलवत नाही.

प्राण्यांकडे मात्र एक मार्ग आहे. रिकाम्या शंखात घर करणाऱ्या हर्मिट खेकड्याला शंखात सौम्य विजेचा झटका दिला तर तो शंख सोडतो, पण शंख त्याच्या आवडीचा असेल तर कमी वेळा सोडतो, २००९ मध्ये एलवूड आणि अपेल यांनी हे दाखवलं. झटका आणि घर यांची तो तुलना करतोय, नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर घर कसलं आहे याने फरक पडला नसता. असे बरेच पुरावे गोळा झाले म्हणून ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी कल्याण कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपसही आले. मशीन "मला वाईट वाटतं" म्हणालं तर तो पुरावा का नाही, तर वाईट वाटल्यावर माणसं काय लिहितात हे त्याने प्रचंड प्रमाणात वाचलंय, खेकड्याने काही वाचलेलं नाही. म्हणून मशीनच्या बाबतीत बोलण्याचा पुरावा जवळजवळ बाद होतो आणि आतल्या यंत्रणेचाच तेवढा उरतो, आणि ती वाचायला आपण आत्ता कुठे शिकतोय.

तर तुमची सुमन. सोडू नका तिला, पुढे न्या. खण काचेचा करा आणि सुमन दारातून आत येताना तिला तो रिकामा दिसतोय असं लिहा. भावाने तिला फोन करून सांगितलं असं लिहा. फोन केला पण तिने उचलला नाही असंही लिहा. सुमन दारामागे उभी राहून बघत होती असं मधेच कुठेतरी, गोष्टीच्या सुरुवातीला, सहज टाका. मग किल्ली, खण, कपाट हे सगळंच काढून टाका आणि हाच मामला पाठवलेल्या ईमेलचा किंवा बदललेल्या मीटिंगच्या वेळेचा करा, जेणेकरून शब्दांवरून जुनी गोष्ट ओळखू येणार नाही. प्रत्येक प्रकार नवीन चॅट उघडून दहा-दहा वेळा विचारा कारण उत्तर दर वेळी बदलू शकतं, नावं बदला, वाक्यांचा क्रम बदला. आणि हेच प्रश्न चार-पाच माणसांनाही विचारा, घाईत असलेल्यांना, तीही चुकतील आणि कुठे चुकतात ते लिहून ठेवा. कारण विचारलंत तर विचारा, पण वेगळ्या रकान्यात ठेवा आणि उत्तराच्या मार्कांत धरू नका. सगळं बरोबर आलं तर आनंदच आहे, पण मला जास्त उत्सुकता चुकांची आहे, काचेच्या खणावर चुकला की न उचललेल्या फोनवर, कारण पहिली चूक काय दिसतंय याच्या हिशेबाची आहे आणि दुसरी काय कळलंय याच्या, आणि माणसाच्या पोरांमध्येही या दोन गोष्टी एकाच दिवशी येत नाहीत.